ऑप्टिमस प्राइमला मारायचं ठरलं तेव्हा

८ ऑगस्ट १९८६ ला अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्सचा, म्हणजे गाड्या-विमानांची रूपं घेणाऱ्या रोबोंचा, पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट लागला. सिनेमा सुरू होऊन अर्धा तासही होत नाही, तोवर ऑटोबॉट सेनेचा नायक ऑप्टिमस प्राइम एका ओट्यावर आडवा पडलेला असतो. छाती उघडून तो आतली चकाकणारी वस्तू सहकाऱ्याच्या हाती सोपवतो, डोळ्यांतले दिवे विझतात, मान एका बाजूला कलते आणि लाल-निळं अंग बघता बघता राखाडी होतं. समोर खुर्च्यांत बसलेला प्रेक्षक बहुतेक दहा वर्षांच्या आतबाहेरचा. अनेक मुलं तिथेच रडायला लागली. खेळणी विकणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीकडे पालकांची पत्रं येऊ लागली आणि १९८७ च्या फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्याच कंपनीला तोच रोबो पडद्यावर जिवंत करावा लागला.

कोणाचा माल किती खपतो याचा सगळा हिशोब ज्यांच्या हातात होता त्यांचा अंदाज इतका कसा चुकला, हा या प्रकरणातला पहिला प्रश्न. दुसरी गंमत अशी की ऑप्टिमसचा जन्म, त्याची शक्ती, त्याच्या छातीतली ती चकाकणारी वस्तू, मेट्रिक्स, या ज्या गोष्टी आज त्याच्या नावाबरोबर आपोआप आठवतात, त्यांतल्या बऱ्याचशा या मरणाच्या आगेमागेच तयार झाल्या. आधी थोर इतिहास होता आणि मग मृत्यू आला, असा क्रम नाही. मृत्यू ठरला आणि त्याला शोभेल असा इतिहास भोवती उभा राहिला.

जपानी साचा, अमेरिकी नाव

रोबो म्हणून तो जन्मला तेव्हा त्याला जीवच नव्हता. जपानच्या ताकारा कंपनीची ‘डायाक्लोन’ नावाची खेळण्यांची मालिका होती. तिच्यातले रोबो म्हणजे यंत्रं. त्यांना चालवायला इंचभर उंचीचे, पायांत लोहचुंबक असलेले छोटे चालक मिळायचे. १९८३ मध्ये या मालिकेत ‘बॅटल कॉन्व्हॉय’ आला: लाल केबिन, मागे करडा ट्रेलर, केबिन सोडवून उलगडली की रोबो. ट्रेलर उघडला की आत यांत्रिक हात असलेला तळ, आणि स्प्रिंगच्या झटक्याने बाहेर पडणारी सहा चाकांची छोटी गाडी. त्या यांत्रिक हाताजवळ चालकाने बसायची खुर्ची आहे. अमेरिकेत हेच खेळणं ‘जिवंत रोबो’ म्हणून विकलं गेलं तेव्हाही ती खुर्ची तशीच राहिली. जिवंत रोबोच्या आत माणसाची खुर्ची कशाला, असा प्रश्न पडलेल्या मुलाला त्याचं उत्तर कथेत कधी सापडलं नसतं, कारण ते साच्यात होतं.

खेळणी शोधून कंपन्यांना सुचवणारे हेन्री ओरेनस्टीन यांनी ताकाराचा माल हॅस्ब्रोच्या नजरेस आणला. करार झाला, पण डायाक्लोन, मायक्रोचेंज अशा वेगवेगळ्या मालिकांतली मोटारी, विमानं, पिस्तुलं, कॅसेट प्लेअर यांची ही मोट बांधणार कशी? त्यासाठी हॅस्ब्रो मार्व्हल कॉमिक्सकडे गेली. जिम शूटर यांनी दोन गटांच्या यादवी युद्धाचं मूळ सूत्र लिहिलं. डेनिस ओ’नील यांनी पहिल्या फेरीत काही नावं सुचवली. त्यांतलं एकच आज साऱ्या जगाला ठाऊक आहे: ऑप्टिमस प्राइम. बाकी बहुतेकांची नावं आणि स्वभावचित्रं बॉब बुडियान्स्की यांनी अगदी थोड्या दिवसांत लिहून दिली. मेगाट्रॉन हे नाव त्यांचंच. ते फार भीतिदायक वाटतं अशी शंका हॅस्ब्रोने काढली तेव्हा, खलनायकांचा म्होरक्या भीतिदायकच असायला हवा, असं त्यांना समजावून सांगावं लागलं.

‘ऑप्टिमस’ म्हणजे लॅटिनमध्ये सर्वोत्तम, ‘प्राइम’ म्हणजे पहिला. सर्वोत्तम पहिला. दोन्ही शब्द जरा जडच, पण एकत्र म्हटले की पदवीसारखे वाजतात. पुढे ‘प्राइम’ ही खरोखरच पदवी ठरली आणि उत्तराधिकाऱ्यालाही ती मिळाली. १९८४ मध्ये मात्र हे फक्त नाव होतं. जपानमध्ये तर ते अनेक वर्षं रुळलंच नाही. तिथे तो कॉन्व्हॉय म्हणूनच मोठा झाला.

ट्रकबद्दलही थोडं सांगायला हवं. केबिन थेट इंजिनावर बसवलेला, पुढे नाक नसलेला, चपट्या तोंडाचा ट्रक. आपल्या महामार्गांवर हे तोंड नवखं नाही. अमेरिकेत ते फोफावलं त्याला कारण कायदा होता. ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण लांबीवर मर्यादा असल्याने नाक जितकं छाटावं तितकी जागा मालाला मिळायची. १९८२ च्या संघीय कायद्याने मुख्य महामार्गांवर मोजमाप ट्रेलरपुरतं आणलं आणि लांब नाकाचे ट्रक परत आले. म्हणजे ऑप्टिमस अमेरिकेत पोचला त्या सुमारास त्याने सोंग घेतलेला ट्रक तिथून निघायच्या तयारीत होता. २००७ च्या सिनेमात तो लांब नाकाच्या पीटरबिल्ट ३७९ मधून उलगडला तेव्हा जुने चाहते हळहळले. पण सुमारे २८ फुटांचा रोबो दाखवायचा तर तेवढा पत्रा कुठून तरी यायलाच हवा होता.

शक्तीचा हिशोब

खेळण्याच्या खोक्यामागे गुणपत्रक छापलेलं असे. उघड्या डोळ्यांना लाल जाळी दिसायची; खोक्यात मिळणारी लाल पारदर्शक पट्टी वर धरली की आलेख वाचता येई. ऑप्टिमसचे आकडे असे: बळ १०, बुद्धी १०, वेग ८, सहनशक्ती १०, हुद्दा १०, धैर्य १०, मारक शक्ती ८, कौशल्य १०. सगळीकडे दहा देणं सोपं होतं, तरी दोन ठिकाणी आठ दिले, यात लिहिणाऱ्याचं कसब दिसतं. मेगाट्रॉनला मारक शक्तीत पूर्ण दहा होते. बंदुकीशी बंदूक भिडली तर नायक हरणार, हे कागदावरच ठरलेलं. तो जिंकायचा तर बाकीच्या रकान्यांच्या जोरावर.

बुडियान्स्की यांनी लिहिलेल्या वर्णनाप्रमाणे ऑप्टिमस म्हणजे एक देह नसून तीन भागांचा संच आहे. केबिनपासून बनणारा रोबो हा मेंदू. ट्रेलर उघडून होणारा लढाऊ तळ दुसरा. टेहळणी करणारी सहा चाकांची गाडी, रोलर, हा तिसरा. एकाला झालेली इजा बाकीच्यांना जाणवते. कल्पना सुरेख होती आणि खेळण्याला चपखल बसत होती, पण टीव्हीवर तिची पंचाईत झाली. केबिन उठून उभी राहिली की ट्रेलरचं काय करायचं? चित्रकारांनी सरळ मार्ग काढला: ट्रेलर मागे घरंगळत चौकटीबाहेर जातो आणि दिसेनासा होतो, पुन्हा ट्रक व्हायचं असलं की घरंगळत परत येतो. मुलांनी तो बिनतक्रार मान्य केला. दाढीमिशा फुटल्यावर त्याच मुलांनी त्यासाठी दुसऱ्या अवकाशाचे सिद्धांत मांडले.

शस्त्रांत काळी रायफल नेहमीची. हाताच्या जागी उगवणारी केशरी ऊर्जेची कुऱ्हाड पहिल्याच कथेत धरणावरच्या झुंजीत दिसते, समोर मेगाट्रॉनच्या हाती साखळदंडाला लटकलेला जांभळा गोळा. या कुऱ्हाडीचं नाव आजही निघतं, पण मूळ मालिकेत ती जवळजवळ तेवढ्यापुरतीच आहे. उडण्याची शक्ती त्याच्याकडे नाही. ती शत्रूची मक्तेदारी, आणि नायकाचा गट रस्त्यावर चालणारा, ही विभागणी सुरुवातीच्या कथांचा कणा होती.

सगळ्यात मोठी शक्ती कोणत्याच रकान्यात नव्हती. खेळण्याच्या चेहऱ्यावर तोंड नाही, नाकापासून हनुवटीपर्यंत धातूची पट्टी आहे. ॲनिमेशनमध्ये याचा अर्थ ओठ हलवायचे नाहीत, हावभावाला डोळे आणि मानेची हालचाल एवढंच भांडवल. उरलेला सगळा भार आवाजावर. मॉन्ट्रियलमध्ये जन्मलेले पीटर कलन यांनी तो पेलला. त्यांचे भाऊ लॅरी व्हिएतनाममध्ये लढलेले सैनिक. चाचणीला निघताना त्यांनी कलन यांना सांगितलं होतं की खरा बलवान हळुवार असू शकतो, ओरडणारा नायक करू नकोस. कलन यांनी ही गोष्ट अनेक मुलाखतींतून सांगितली आहे. परिणाम कानांना लगेच कळतो: खालच्या पट्टीतला, घाई नसलेला, आज्ञा देतानाही समजावणारा आवाज. मेगाट्रॉन आरडाओरडा करतो, त्याचा साथीदार स्टारस्क्रीम किंचाळतो, आणि या गदारोळात एकजण शांतपणे बोलतो. घरात बाप असावा तसा.

कंपनीच्या हिशोबात न धरलेला रकाना तो हाच.

जन्मकथा उशिरा आली

ट्रान्सफॉर्मर्सची टीव्ही मालिका १७ सप्टेंबर १९८४ ला सुरू झाली. त्याच काळात अमेरिकेच्या संचार आयोगाने दूरचित्रवाणीवरचं जाहिरातींच्या वेळेचं बंधन सैल केलं होतं, त्यामुळे खेळण्यांभोवती बेतलेल्या मालिकांना रान मोकळं झालं होतं. पहिल्या पर्वात १६ भाग, दुसऱ्यात ४९. बेरीज ६५. आठवड्याचे पाच दिवस, तेरा आठवडे, असं हे गणित. स्थानिक वाहिन्यांना रोज दाखवायला मालिका विकायची तर एवढे भाग हाताशी हवेत.

पहिल्या पर्वात ऑप्टिमसला भूतकाळ नाही. सायबरट्रॉन ग्रहावरून निघालेलं यान चाळीस लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर ज्वालामुखीत आदळतं, १९८४ मध्ये सगळे जागे होतात, आणि तो आधीपासूनच नेता असतो. जन्मकथा सांगितली ती १९८५ मध्ये, दुसऱ्या पर्वात. नव्वद लाख वर्षांपूर्वी ओरायन पॅक्स नावाचा एक साधा गोदी कामगार होता. नव्या जातीच्या उडणाऱ्या रोबोंचं त्याला भारी कौतुक. त्यांचा पुढारी मेगाट्रॉन गोड बोलून ऊर्जेच्या गोदामाची माहिती काढून घेतो आणि तिथेच त्याला गोळ्या घालतो. सोबतची एरियल आणि मित्र डायन हेही पडतात. वृद्ध अल्फा ट्रायॉन त्या मोडक्या देहाला नव्याने घडवतो, तो ऑप्टिमस प्राइम. एरियलची पुढे एलिटा वन होते.

या कथेत वंश नाही, वरदान नाही, भाकीत नाही. एक हमाल फसवला जातो, मारला जातो आणि पुन्हा घडवला जातो. नंतरच्या लेखकांनी प्राइमस देव, तेरा आद्य प्राइम, ग्रंथालयातला कारकून ओरायन अशी भर घालून वंशावळ बरीच उंच केली. तिचाही चाहतावर्ग आहे. पण गोदीवरच्या कामगाराची गोष्ट अधिक टणक आहे, कारण तिच्यात नेतेपद हे जखमेतून आलेलं आहे. शिवाय तो एकदा मेलेला आहे, ही गोष्ट प्रेक्षकाला सिनेमाच्या आधीच सांगून झाली. म्हणजे थिएटरात आलेल्या मुलाला ठाऊक होतं की ऑप्टिमस मेला तरी दुरुस्त होतो. सिनेमाने नेमकी तीच खात्री मोडली.

आणि मेट्रिक्स? मार्व्हलच्या ट्रान्सफॉर्मर्स कॉमिकमध्ये ‘क्रिएशन मेट्रिक्स’ आधीपासून होता, पण तो वस्तू नव्हता. ऑप्टिमसच्या मेंदूत साठवलेली, नवे रोबो जिवंत करणारी शक्ती होती. टीव्हीवरच्या ६५ भागांत छातीतल्या त्या निळ्या गोळ्याचा मागमूस नाही. तो पहिल्यांदा दिसतो सिनेमात. का, हे उघड आहे. नेता मरणार तर वारसाच्या हाती काहीतरी द्यायला हवं. राजाच्या हातातला मुकुट जसा दिसतो तसं काही पडद्यावर दिसायला हवं. मग छाती उघडणार, हात आत जाणार आणि हँडल असलेली, दोन्ही हातांनी धरायची वस्तू बाहेर येणार.

निर्णय

आता हॅस्ब्रोच्या टेबलावरून पाहू. पहिल्या दोन वर्षांचा जवळजवळ सगळा माल जपानच्या जुन्या साच्यांतून आलेला, आणि ते साचे संपत चालले होते. १९८६ साठी नव्याने आखलेली पात्रं तयार होती: हॉट रॉड, कप, आर्सी, गॅल्व्हाट्रॉन. सिनेमाचा काळ म्हणून २००५ साल धरलं, म्हणजे गाड्या भविष्यातल्या दिसल्या तरी चालेल. दुकानाची मांडणी तेवढीच असते. नवं ठेवायचं तर जुनं उतरवावं लागतं. ऑप्टिमस दोन वर्षं विकला गेला होता, ज्याला हवा त्याच्या घरी तो पोचला होता. त्याच्याकडून आणखी किती विक्री होणार?

एक उदाहरणही समोर होतं. त्याच कंपनीच्या जी. आय. जो या सैनिक-खेळण्यांवरच्या सिनेमात नायक ड्यूक मरणार असं लिहिलं गेलं होतं. तिथे चालतं तर इथे का नाही, असा विचार झाला, असं त्या काळच्या लेखकांनी सांगितलं आहे. पटकथाकार रॉन फ्रीडमन यांनी विरोध केल्याचंही नोंदलेलं आहे. ऑप्टिमसला काढणं म्हणजे कुटुंबातून बापाला काढणं, असं त्यांचं म्हणणं. कथा-सल्लागार फ्लिंट डिल यांनी नंतर कबूल केलं की आपण केवळ जुन्या मालाची रांग रिकामी करतो आहोत असंच सगळ्यांना वाटत होतं. तो रोबो मुलांच्या लेखी काय झाला आहे हे माहीत नव्हतं.

यात दुष्टपणा नव्हता. खेळण्याचं वय विक्रीच्या आकड्यात मोजता येतं. पात्राचं वय तसं मोजता येत नाही, आणि इथे एकाच खोक्यात दोन्ही गोष्टी होत्या. एरवी एखादं खेळणं बंद करायला कोणाला मारावं लागत नाही. ते पुढच्या वर्षीच्या यादीतून गपचूप गळतं. यांनी त्याची अंत्ययात्रा काढली.

मृत्यू कसा रचला होता

प्रसंग ओळीने पाहिला तर तो इतका का लागला हे कळतं.

आधी यानावर हल्ला होतो आणि प्राउल, रॅचेट, ब्रॉन, आयर्नहाइड हे जुने मोहरे एका झपाट्यात पडतात. दोन वर्षं ज्या मालिकेत कोणी मरत नव्हतं तिथे नियम बदलल्याची ही सूचना. मग ऑटोबॉट नगरीला वेढा. ऑप्टिमस उतरतो, ट्रकच्या रूपात शत्रूच्या रांगांतून आरपार जातो, उसळून रोबो होतो, एकेकाला टिपत पुढे सरकतो. मागे जोशपूर्ण रॉक गाणं. हा सिनेमातला सर्वांत उंच क्षण. मुलं खुर्चीत उभी राहिली असतील तर इथे.

मग मेगाट्रॉनशी झुंज. तो पडतो, दयेची भीक मागतो आणि जवळ पडलेल्या पिस्तुलाकडे हात नेतो. ऑप्टिमस गोळी घालणार तेवढ्यात तरुण हॉट रॉड मध्ये उडी घेतो. मेगाट्रॉन त्यालाच ढाल करतो आणि आडून एकामागून एक गोळ्या झाडतो. शेवटचा जोर लावून ऑप्टिमस त्याला कड्यावरून ढकलतो आणि स्वतः कोसळतो.

नंतर मृत्युशय्या, आणि इथे दिग्दर्शन मुद्दाम संथ आहे. दुरुस्तीला आलेला पर्सेप्टर हात टेकतो. डॅनियल नावाचा मुलगा शेजारी रडतो आहे. मेट्रिक्स सहकारी अल्ट्रा मॅग्नसला दिला जातो. देताना तो हातातून निसटतो आणि हॉट रॉड झेलतो, त्याच्या हातात तो क्षणभर उजळतो. मग रंग जातो.

सर्वांत मोठी चूक या बांधणीत आहे, आणि ती मारण्यापेक्षा मोठी आहे. हॉट रॉड हाच पुढचा नायक. शेवटी मेट्रिक्स उघडून ग्रह गिळणाऱ्या युनिक्रॉनचा तोच नाश करणार, रोडिमस प्राइम होणार, आणि दुकानात तोच खपायचा. पण त्याची पहिली मोठी कृती कोणती? आगाऊपणा करून आधीच्या नायकाच्या मरणाला निमित्त होणं. लेखकाला यातून अपराधीपणाचं ओझं आणि मग त्यातून मोठं होणं असं काही साधायचं असेल. आठ वर्षांच्या मुलाने सरळ हिशोब केला: याच्यामुळे तो गेला. वारसाला गादीवर बसवायचं तर राज्याभिषेकाआधी त्याच्या हाताला रक्त लावू नये.

खेळण्यांच्या बाजूनेही एक विनोद झाला. मेट्रिक्स ज्याच्या हाती दिला त्या अल्ट्रा मॅग्नसचं खेळणं म्हणजे डायाक्लोनचा ‘पॉवर्ड कॉन्व्हॉय’. त्याची मोठी चिलखतं काढली की आत पांढऱ्या रंगातली केबिन निघते: साचा ऑप्टिमसचाच. जुना उतरवून नवा ठेवला, आणि नव्याच्या पोटात जुनाच बसलेला.

काय मोडलं

सिनेमाचा खर्च सुमारे ६० लाख डॉलर होता. अमेरिकेत जेमतेम ५८ लाख गोळा झाले. पैशाचा फटका एकट्या मृत्यूमुळे बसला असं म्हणता येणार नाही; त्या वर्षी खेळण्यांवरचे आणखीही सिनेमे पडले. पण पत्रांचा ओघ स्पष्ट होता. एक मुलगा दोन आठवडे खोलीचं दार लावून बसला होता, ही कंपनीतल्या लोकांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत. ब्रिटनमध्ये दाखवलेल्या प्रतीत शेवटी निवेदकाचं एक वाक्य जोडलं गेलं: ऑप्टिमस प्राइम परत येईल.

पहिला परिणाम शेजारच्या सिनेमावर झाला. ड्यूकचा मृत्यू चित्रित होऊन तयार होता. त्यावर आवाज बदलून घेतला: तो मेला नाही, बेशुद्धावस्थेत गेला आहे, आणि शेवटी शुद्धीवर आल्याची बातमी. चित्रांत मात्र सगळ्यांचे चेहरे सुतकातले. ऐकू काय येतं आणि दिसतं काय, यांचा मेळ आजही बसत नाही.

मालिकेच्या तिसऱ्या पर्वात, १९८६ च्या शरदात, ऑप्टिमस एकदा दिसला, पण तो शत्रूंनी चालवलेला मुडदा होता. अखेर भानावर येऊन तो पुन्हा प्राण देतो. ज्यांना आशा होती त्यांच्या जखमेवर हे मीठच.

दुरुस्तीचं काम

१९८७ च्या फेब्रुवारीत तिसऱ्या पर्वाचा शेवट ‘ऑप्टिमस प्राइमचं पुनरागमन’ या दोन भागांनी झाला. इथली कारागिरी पाहण्यासारखी आहे, कारण आधी केलेलं उलटवायचं होतं आणि ते उलटवतो आहोत असं दिसू द्यायचं नव्हतं.

देह आधीच्या कथेत एका ताऱ्याच्या दिशेने गेलेल्या यानात होता; दोन शास्त्रज्ञ तो परत आणतात. गरज म्हणून द्वेषाची साथ येते: अंतराळातले जंतू, ज्यांच्या स्पर्शाने माणूस आणि रोबो दोघेही पिसाळतात. रोडिमसलाही लागण होते, म्हणजे मेट्रिक्स त्याच्याकडून काढून घ्यावा लागतो, पण त्यात त्याचा अपमान होत नाही. आणि उपाय बंदुकीत नसतो. मेट्रिक्समध्ये साठलेलं पूर्वजांचं शहाणपण मोकळं केल्यावरच साथ ओसरते. ऑप्टिमस छाती उघडतो, मेट्रिक्स उघडतो, साथ जाते, आणि मेट्रिक्स रिता होतो. रोडिमस पुन्हा हॉट रॉड होतो. गेलेल्या ओझ्याबद्दल त्याची काही तक्रार नसते.

नीट पाहिलं तर सिनेमात ऑप्टिमसने मेट्रिक्स कधी उघडलाच नव्हता. तो नुसता बाळगून होता. ज्या शक्तीसाठी आज तो ओळखला जातो ती या मालिकेत त्याने प्रथम वापरली ती परत आल्यावर. आधी वारसाला देण्यासाठी घडवलेली वस्तू, नंतर मूळ मालकाच्या नावावर कायमची चढली. पुढे २००९ च्या सिनेमात त्याला पुन्हा मारलं तेव्हा त्याला उठवायला मेट्रिक्सच लागला. साधनाचा प्रवास पूर्ण उलटा झाला होता.

कॉमिकमध्ये याच काळात, जानेवारी १९८७ च्या अंकात, बुडियान्स्की यांनी त्याला वेगळ्याच तऱ्हेने मारलं, आणि खरं तर अधिक हुशारीने. ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन संगणकावरच्या खेळात लढतात. हरणाऱ्याने स्फोटात नष्ट व्हायचं अशी अट. ऑप्टिमस जिंकतो, पण जिंकताना खेळातल्या निष्पाप प्राण्यांचा बळी जातो. म्हणून तो स्वतःच, आपण हरलो, असं जाहीर करून मरण मागून घेतो. अनेकांना ही कथा हास्यास्पद वाटते, आणि प्रसंग हास्यास्पद आहेच. पण मरण इथे गुणपत्रकातून आलेलं आहे: धैर्याचा दहा आणि मारक शक्तीचा आठ यांच्यातून. शिवाय दुरुस्तीची सोय त्याच अंकात: खेळ लिहिणारा तरुण त्याचं मन एका फ्लॉपीवर उतरवून ठेवतो. सिनेमाने हीच सोय ठेवली नाही आणि नंतर साथीचे जंतू शोधावे लागले.

जपानमध्ये गोंधळ निराळा. सिनेमा तिथे वेळेवर लागला नाही. कॉन्व्हॉय मेला आहे हे गृहीत धरून नव्या पर्वाकडे जायचं तर प्रेक्षकाला ते कळायला हवं, म्हणून डिसेंबर १९८६ मध्ये ताकाराने फॅमिकॉम या निन्टेंडोच्या व्हिडिओ गेम यंत्रावर ‘कॉन्व्हॉयचं रहस्य’ नावाचा खेळ काढला. खेळाडू अल्ट्रा मॅग्नस, शोध कॉन्व्हॉयच्या मृत्यूचा. खेळ इतका निर्दय की पहिल्याच टप्प्यात, गोळी दिसायच्या आत, अल्ट्रा मॅग्नस मरतो. रहस्य उलगडण्यापर्यंत फार थोडी मुलं पोचली असतील.

नायक पडद्यावर परतला तरी दुकानात विकायला त्याचं नवं खेळणं नव्हतं. ते १९८८ मध्ये आलं: पॉवरमास्टर ऑप्टिमस प्राइम. हाय-क्यू नावाचा छोटा माणूस घडी घालून इंजिन होतो, ते ट्रकच्या तोंडात बसवलं की कुलूप सुटतं आणि मगच रोबो उलगडतो. ट्रेलर यावेळी चौकटीबाहेर घरंगळत नाही. उभा राहून त्याचाच मोठा देह बनतो. जुन्या ट्रेलरची पंचाईत चार वर्षांनी साच्यातच सुटली, आणि डायाक्लोनच्या चालकाची खुर्ची जिथे होती तिथे पुन्हा एक छोटा माणूस आला, यावेळी कथेसकट.

त्याच वर्षी अमेरिकेत मालिकेचं पाचवं पर्व म्हणून पुनःप्रक्षेपण झालं. नवी ॲनिमेशन नव्हती. टॉमी केनेडी नावाचा खराखुरा मुलगा आणि त्याच्याशेजारी पॉवरमास्टर ऑप्टिमसचा बाहुला; बाहुला मुलाला जुन्या गोष्टी सांगतो. एकूण २० भाग: १५ मालिकेतले, आणि पाच त्या सिनेमाचे तुकडे करून बनवलेले. म्हणजे सलग पाच दिवस ऑप्टिमस प्राइम एका मुलाला शेजारी बसवून स्वतःच्या मरणाची गोष्ट सांगत होता.